एकाच वेळी दोन तांत्रिक पदव्या : घ्याव्यात की नको?



बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, उरणकडच्या घरांमध्ये एक नवा प्रश्न हल्ली हमखास निघतो. "सर, बी.टेक. करता करता डेटा सायन्सची दुसरी पदवीसुद्धा घेता येते म्हणे. घेऊ का?" पालकांचा प्रश्न थोडा वेगळा असतो : "दोन पदव्या असल्या की नोकरी नक्की ना?"

या पाठात आपण या दोन्ही प्रश्नांचा नीट विचार करू. 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दातलं उत्तर इथे मिळणार नाही. पण पाठ संपेपर्यंत तुमचं उत्तर तुम्हाला काढता आलं पाहिजे.

१. 'दोन पदव्या' म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

पहिला प्रकार : एकाच संस्थेतली जोडपदवी. आयआयटी मुंबईत बी.टेक. आणि एम.टेक. मिळून पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. गोव्यात बिट्स पिलानीच्या संकुलात आधी एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो, पहिल्या वर्षाच्या गुणांवर अभियांत्रिकीची शाखा मिळते आणि पाच वर्षांत दोन्ही पदव्या होतात. इथे वेळापत्रक एकच संस्था बसवते, त्यामुळे तास एकमेकांवर येत नाहीत.

दुसरा प्रकार : दोन वेगळ्या संस्थांच्या दोन पदव्या एकाच वेळी. हल्ली चर्चा असते ती याचीच.

तिसरा प्रकार : बी.टेक. एकच, पण सोबत 'मायनर' किंवा 'ऑनर्स'. एआयसीटीईच्या आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक.चे साधारण १६० क्रेडिट आहेत. त्यावर १८ ते २० क्रेडिट जास्त केले की दुसऱ्या विषयातला मायनर मिळतो. ही वेगळी पदवी नाही, पण विषय अंगात मुरायला पुरेसं काम असतं.

चौथा प्रकार : एक पदवी पूर्ण करून मग दुसरी. हा सगळ्यांत जुना मार्ग. डॉ. अनिल काकोडकर १९६३ मध्ये व्हीजेटीआयमधून यांत्रिकी अभियंता झाले, भाभा अणुसंशोधन केंद्रात कामाला लागले आणि १९६९ मध्ये त्यांनी नॉटिंगहॅम विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवली. आधी काम, मग त्या कामाला लागणारं पुढचं शिक्षण, असा हा क्रम आहे.

घरी कोणी दोन पदव्यांचा विषय काढला, की आधी विचारा : "यातला कितवा प्रकार?"

२. नियम काय सांगतो?

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एकाच वेळी दोन शैक्षणिक कार्यक्रम करायला परवानगी देणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात तीन वाटा आहेत.

• दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात. मात्र एकाचे तास दुसऱ्याच्या तासांवर येता कामा नयेत.
• एक प्रत्यक्ष वर्गात आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन.
• दोन्ही दूरस्थ किंवा ऑनलाइन.

पीएच.डी.ला ही सवलत लागू नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम मान्यता असलेल्या संस्थेचाच हवा. आणि यूजीसीने परवानगी दिली म्हणून प्रत्येक विद्यापीठात ती आपोआप लागू झाली असं समजू नका. तुमच्या विद्यापीठाचा नियम काय आहे ते कॉलेजच्या कार्यालयात विचारा, आणि जमलं तर लेखी घ्या.

आता पहिली वाट तांत्रिक शाखांना लावून बघा. सकाळी यांत्रिकीची कार्यशाळा, दुपारी संगणकाची प्रयोगशाळा, दोन्हीकडे हजेरीची अट. कागदावर परवानगी आहे, पण प्रत्यक्षात हे जवळजवळ अशक्य आहे. आपल्याकडे लोक लगेच नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव घेतात. त्यांच्याकडे खूप पदव्या होत्या हे खरं. पण त्यांतल्या बऱ्याचशा एम.ए.च्या होत्या आणि त्या त्यांनी अनेक वर्षांत एकामागून एक मिळवल्या. प्रयोगशाळेतलं प्रात्यक्षिक मात्र रात्री जागून पुस्तक वाचल्याने पूर्ण होत नाही.

म्हणून आपल्यासाठी खरी वाट दुसरीच : एक पदवी कॉलेजात, दुसरी ऑनलाइन.

इथे एक इशारा. दूरस्थ पद्धतीने बी.टेक. देतो असं कोणी सांगितलं तर सावध व्हा. अभिमत विद्यापीठांनी मान्यता न घेता दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने अनेकांच्या पदव्या अडचणीत आल्या. त्यांची फी गेली, वर्षं गेली आणि नोकरीतली बढतीही टांगणीला लागली.

आयआयटी मद्रासचा ऑनलाइन अभ्यासक्रम वेगळा आहे. तो २०२० मध्ये सुरू झाला. त्याची पदवी बी.एस. आहे, बी.टेक. नव्हे. प्रवेशासाठी जेईई लागत नाही, पात्रता परीक्षा असते. शिकणं ऑनलाइन, पण मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. मधल्या टप्प्यावर थांबलात तरी त्या टप्प्याचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा मिळतो. मात्र एखाद्या जाहिरातीत 'बी.ई. किंवा बी.टेक.' अशी अट असेल, तर बी.एस.ने ती पूर्ण होत नाही. म्हणजे अभियंता व्हायचं असेल तर मुख्य पदवी बी.टेक.च, दुसरी जोडीला.

३. तासांचं गणित

आता वही काढा. आठवड्याचे तास १६८. समजा, एक मुलगी अलिबागहून रोज पनवेलच्या बाजूला कॉलेजला जाते.

झोप, रोज ८ तास : ५६
कॉलेज, पाच दिवस रोज ७ तास : ३५
एसटीने जाणं-येणं, पाच दिवस रोज ४ तास : २०
जेवण, अंघोळ, घरकाम, रोज ३ तास : २१
बी.टेक.चा स्वतःचा अभ्यास : १५

बेरीज झाली १४७. उरले २१ तास. आयआयटी मद्रासच्या एका विषयाला आठवड्याला साधारण १० तास लागतात. दोन विषय घेतले की २० तास गेले. उरला एक तास! त्यात सण, आजारपण, मैत्रिणीचं लग्न आणि वडखळची वाहतूक कोंडी बसवायची आहे.

तीच मुलगी लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या वसतिगृहात राहत असेल, तर एसटीचे २० तास वाचतात. उरतात ४१ तास. मुलगी तीच, हुशारी तीच, पण उत्तर बदललं. बघा, हा निर्णय बुद्धीइतकाच अंतरावरही ठरतो. आपल्या किनाऱ्यावर खाड्या आहेत, घाट आहेत, पावसात रस्ते तुंबतात. मुंबईतल्या मुलाचं वेळापत्रक बघून आपलं ठरवू नका.

अजून एक हिशेब. त्या अभ्यासक्रमाच्या पायाभूत टप्प्यात ८ विषय आहेत आणि वर्षात ३ सत्रं असतात. दर सत्राला दोन विषय घेतले तर तो टप्पा ४ सत्रांत, म्हणजे सव्वा वर्षाच्या आसपास होतो. एकच विषय घेतला तर ८ सत्रं, म्हणजे पावणेतीन वर्षांच्या आसपास. सावकाश गेलात तरी चालतं, फक्त ते आधी ठरवून जा.

४. पैशाचं गणित

प्रवेशाची पहिली फी भरायची वेळ साधारण जुलै-ऑगस्टमध्ये येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. म्हणजे कोळी घरात आवक नसते नेमकी तेव्हाच फीची पावती समोर येते. श्रीवर्धन, दिवेआगर भागात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यावर सुपारी हाती यायला बरीच वर्षं जातात. अशा घरात दुसऱ्या पदवीसाठी कर्ज काढायचं का, हा साधा प्रश्न नाही.

म्हणून सुरक्षित हिशेब असा धरा : शिष्यवृत्ती किंवा फी सवलत एकाच पदवीला मिळेल, दुसरीचा खर्च घरातून होईल. तो झेपत असेल तरच पुढे जा. आयआयटी मद्रासमध्ये प्रवर्ग आणि उत्पन्नाप्रमाणे फीमध्ये सवलत आहे, तिची चौकशी आधी करा. आणि हे लक्षात ठेवा : दुसऱ्या पदवीपायी पहिलीत विषय राहिले, तर बऱ्याच कंपन्या मुलाखतीलाही बसू देत नाहीत. दुसऱ्या पदवीचा सगळ्यांत मोठा खर्च हा असू शकतो.

५. कोणती जोडी जमते?

आपल्या वाड्यांमध्ये नारळाखाली पोफळ असते आणि पोफळीवर मिरीचा वेल चढवतात. ही पिकं एकत्र नांदतात, कारण प्रत्येकाला ऊन वेगळ्या उंचीवर लागतं. पदव्यांचंही तसंच आहे. संगणक अभियांत्रिकीच्या जोडीला पुन्हा प्रोग्रॅमिंगचीच पदवी घेतली, तर बराचसा अभ्यास दोनदा होतो. रासायनिक अभियांत्रिकी आणि डेटा सायन्स ही जोडी मात्र एकमेकींना पूरक आहे. थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, डोलवीचा पोलाद कारखाना, न्हावा-शेवाचं बंदर, या सगळीकडे यंत्रं रात्रंदिवस आकडे नोंदवत असतात. तापमान का चढलं, कंटेनर का अडकला, हे आकड्यांतून शोधणारा आणि यंत्रही समजणारा माणूस तिथे उपयोगी पडतो.

पण त्यासाठी दुसरी पदवीच हवी का? पुष्कळदा मायनर पुरतो. कधी एखादा चांगला प्रकल्पही पुरतो.

६. मग ठरवायचं कसं?

• पहिल्या दोन सत्रांत सगळे विषय सुटले का? नसतील, तर दुसऱ्या पदवीचा विचार वर्षभर बाजूला ठेवा.
• आठवड्याला किमान १५ तास मोकळे निघतात का? नसतील, तर मायनर बघा.
• दुसरीचा खर्च कर्जाशिवाय भागतो का? नसेल, तर आधी नोकरी, मग शिक्षण.
• 'दुसरी पदवी कशासाठी?' याचं उत्तर 'सगळे करतात म्हणून' याहून वेगळं आहे का?

चारही उत्तरं 'हो' असतील, तर जरूर करा, आणि एका सत्राला एका विषयाने सुरुवात करा. तीन 'हो' असतील, तर थांबून बघा. त्याहून कमी असतील, तर एकच पदवी मन लावून करा. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपल्या आजीला उगीच पाठ नव्हती.

आणि पालकांच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, दोन पदव्यांनी नोकरी नक्की होत नाही. नीट शिकलेल्या एका पदवीने शक्यता वाढते. दुसरीही तेवढीच नीट शिकली, तर ती आणखी वाढते.

स्वाध्याय

१. स्वतःच्या आठवड्याच्या १६८ तासांचा तक्ता करा. प्रवासाचे तास प्रामाणिकपणे लिहा.
२. दोन पदव्यांचे चार प्रकार सांगा. तुमच्या घरच्या परिस्थितीला कोणता जुळतो? कारण द्या.
३. बी.एस. आणि बी.टेक. यांत नोकरीच्या जाहिरातीच्या दृष्टीने काय फरक पडतो?
४. तुमच्या तालुक्यातला एक कारखाना किंवा बंदर निवडा. तिथे कोणत्या दोन विषयांची जोडी उपयोगी पडेल, ते दहा ओळींत लिहा.
५. हा पाठ घरी मोठ्याने वाचून दाखवा आणि आई-बाबांचं मत वहीत नोंदवा. फी ते भरणार आहेत, तेव्हा त्यांचं म्हणणं हिशेबात धरलंच पाहिजे.