करवती काठ आणि मण्यांची माळ : हस्तकला-प्रदर्शनासाठी एक पाठ

प्राथमिक शाळांतील वार्षिक हस्तकला-प्रदर्शनात चमकी, थर्माकोल आणि बाजारातून आणलेली फुले यांचीच गर्दी पुष्कळदा दृष्टीस पडते. वस्तू देखणी असते. परंतु ती कशी झाली असे विचारताच विद्यार्थी निरुत्तर होतो, कारण ती बहुधा घरातील वडीलधाऱ्यांनी केलेली असते. ज्याच्या घरी माग चालतो तो मुलगा मात्र अशा प्रदर्शनात रित्या हाताने उभा असतो. घरी रोज पाहिलेले काम ही विद्याच आहे, हे त्याला शाळेने कधी सांगितलेले नसते.

नागपूर, उमरेड, पवनी, मोहाडी या भागातील कोष्टी व हलबा विणकरांचा लौकिक जुना आहे. येथील करवती काठाच्या साडीचे अंग कोशाचे आणि काठ बहुधा सुताचा असतो. ऐन व अर्जुन यांच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांपासून कोसा मिळतो. भंडारा-गडचिरोलीकडील ढीवर कुटुंबे हे किडे रानातील झाडांवरच पाळतात. काठाच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, म्हणून हे नाव. ही साडी विणताना तीन धोटे लागतात : दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. अंगाचा आडवा धागा काठात शिरत नाही. सीमेवर काठाच्या धाग्यात अडकून तो मागे फिरतो. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले आणि पुष्कळ हातमाग बंद पडले. परंतु एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावणाऱ्या एकट्या धोट्याला ही गुंफण सहजासहजी साधत नाही.

हीच गुंफण इयत्ता पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांना पुठ्ठ्यावर करून पाहता येते. १५ सेंटिमीटर रुंदीचा जाड पुठ्ठा घ्यावा. दोन्ही कडांना अर्धा सेंटिमीटर सोडून, वर व खाली अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खाचा पाडाव्या. १४ सेंटिमीटरांत खाचा २८ न होता २९ का होतात, हा प्रश्न मुलांनाच घालावा. गणिताची तासिका तेथेच सुरू होते. मग ६ धागे तांबडे, १७ पिवळसर, पुन्हा ६ तांबडे असा ताणा बांधावा. आडव्या धाग्यासाठी तीन बोथट सुया, म्हणजेच तीन धोटे. प्रथम मुलांना रंग न अडकविता दहा ओळी विणू द्याव्या. सीमेवर उभी चीर पडते आणि काठ अंगापासून सुटा होतो. नंतर प्रत्येक ओळीत शेजारच्या रंगाला एक वेढा देऊन परत फिरण्यास सांगावे. चीर नाहीशी होते. काठाचा रंग भरीव का दिसतो हेही येथेच उमगते, कारण तेथे उभा व आडवा दोन्ही धागे एकाच रंगाचे असतात. ज्यांचा हात बसला असेल त्यांनी काठाचा धागा दर ओळीस एक घर पुढे नेऊन मग तसाच मागे आणावा, म्हणजे करवतीचे दाते उमटू लागतील. सहा धाग्यांच्या काठाचे वीस ओळींचे काम एका तासिकेत पुरे होत नाही. घाई करू नये.

दागिन्यांच्या कामात पटवेगाराचा कसब मुलांपुढे ठेवावा. सोने घडविणे सोनाराचे; परंतु मणी रेशमात ओवणे, गोंडे बांधणे आणि गाठ अशी मारणे की ती सरकेल पण सुटणार नाही, हे काम पटवेगाराचे. गोफ नावाचा दागिना हा मुळात धाग्यांच्या गुंफणीचेच रूप होय. रामटेक, पारशिवनी भागातील शिक्षकांना गोंड स्त्रियांच्या मण्यांच्या व नाण्यांच्या माळांचे उदाहरण जवळच मिळेल. शाळेत चिकणमातीचे मणी खराट्याच्या काडीवर वळून, किंचित घट्ट होताच काडी काढून सावलीत वाळवावे. गुंजा रंगाने मोहक असल्या तरी वापरू नयेत. त्यांचा गर विषारी असतो आणि भोक पाडताना वरचे कवच फुटते.

प्रदर्शन कसे मांडावे याचा नमुना जवळच आहे. वर्ध्यास मगन संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. ग्रामोद्योगांची साधने व प्रक्रिया लोकांनी पाहाव्या, हा त्यामागील हेतू होता. शाळेनेही पुठ्ठ्याचा माग, चीर पडलेला पहिला तुकडा व जुळलेला दुसरा तुकडा शेजारी शेजारी ठेवावे. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, साहित्य, लागलेला वेळ आणि ‘कोणाकडून शिकलो’ ही ओळ विद्यार्थ्याच्याच अक्षरात असावी. बक्षीस द्यावयाचेच असेल तर ते पाहुण्यांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर द्यावे. विक्रीचा मोह टाळलेला बरा. १९३७ साली झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखतानाच, उत्पन्नाकडे लक्ष जाऊन शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका सांगून ठेवला होता. आज शाळांतून ‘दप्तराविना दिवस’ पाळले जातात, तेव्हा हा इशारा पुन्हा वाचण्याजोगा आहे.

विणकराला शाळेत बोलाविण्यापेक्षा आठ-दहा मुलांनी त्याच्या घरी जाणे अधिक योग्य. माग उचलून आणता येत नाही आणि शाळेत गेलेला दिवस त्याच्या मजुरीतून जातो. आधी विचारून वेळ ठरवावी; नव्या ताण्याचे धागे जोडण्याचे काम चालू असेल तो दिवस टाळावा, कारण त्या वेळी मान वर करण्याचीही त्यास सवड नसते. ताण्याला मुलांनी हात लावू नये. त्या घरचा विद्यार्थी वर्गात असल्यास, त्याची इच्छा विचारून, मागाच्या भागांची नावे त्यालाच सांगू द्यावी. शिक्षकांनी ती वहीत उतरून घ्यावी. त्यांतील कित्येक पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत.