मोडलेला दिनक्रम आणि आहाराचे माप

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. घरी बसलेल्यांचे स्टेशनपर्यंतचे चालणे थांबले, मात्र चहाचे कप वाढले. आम्ही त्याचा हिशेब मांडून पाहिला. प्रत्येकी दोन चमचे साखरेचे तीन कप जादा, म्हणजे रोज सुमारे ३० ग्रॅम साखर, अर्थात १२० कॅलरी. शरीरातील एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात. म्हणजे दोन महिन्यांत केवळ साखरेने जवळजवळ एक किलोची भर!

बदली, परीक्षा, घरातील आजारपण या काळातही असेच घडते. मग आपण एकदम उपास धरतो आणि तो सुटताच दुप्पट जेवतो.

संयुत्तनिकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. अतिभोजनाने धापा टाकणाऱ्या राजास भगवंतांनी आहाराची मात्रा ओळखण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास तो उपदेश दर भोजनसमयी म्हणावयास सांगितले आणि भाताचे माप हळूहळू कमी केले. त्याचे शरीर हलके झाले.

दिनक्रम मोडला तरी जेवणाची वेळ, ताटातील माप व अर्धा तास चालणे आपण सांभाळू शकतो. घरातील एकाने दुसऱ्याचा सुदस्सन व्हावे. महिन्यातून एकदा कंबर मोजावी. पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. विद्यार्थी मित्रांनी तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता आजच्या ताटापासून आरंभ करावा.