अख्खी कोंबडी तळताना

अख्खी कोंबडी पूर्ण बुडेल अशी तळायची तर तीन-चार लिटर तेल लागते, आणि एवढे तेल तापले की घरच्या रोजच्या तळणीचे अंदाज चालेनासे होतात. विठ्ठलवाडी ते बदलापूर पट्ट्यात हा बेत बहुधा गटारीला, म्हणजे आषाढ अमावास्येला, इमारतीच्या गच्चीवर किंवा बदलापूरच्या एखाद्या फार्महाऊसवर आखला जातो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, अशीच अख्खी टर्की तळतात. तिथली अग्निसुरक्षा संस्था एनएफपीए मात्र घरी उघड्या तेलात टर्की तळूच नये, असे सांगते. तिथे तेव्हा थंडी असते. इथे गटारीला धो धो पाऊस असतो, त्यामुळे इथला धोका जास्तच.

पाणी तेलापेक्षा जड असते. १७५ अंशांच्या तेलात पडलेला थेंब खाली जातो, तिथे त्याची वाफ होते आणि साधारण १,६०० ते १,७०० पट फुगून ती वरचे तेल उडवते. कोंबडीच्या पोटाच्या पोकळीत राहिलेले अर्धी वाटी पाणी किंवा बर्फाचा खडा एवढ्यानेच टोप उतू जातो. उतू गेलेले तेल बाहेरून ओघळून बर्नरवर आले की पेटते. अपघात होतो तो या क्रमाने. म्हणून कोंबडी फ्रोझन असेल तर ती फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्यावी आणि आतून-बाहेरून कापडाने कोरडी करावी. दह्याचे मॅरिनेशन तंदूरला शोभते, तेलाला नाही. मीठ, तिखट, हळद कोरडीच चोळून कोंबडी रात्रभर फ्रिजमध्ये उघडी ठेवली तर कातडी सुकते. इथल्या दुकानांत कोंबडी बहुधा सोलूनच देतात. ‘स्किनसकट’ हवी असल्यास आधी सांगावे लागते.

याहून शहाणपणाचा मार्ग लाहोरच्या चरग्याचा: कोंबडी आधी वाफवून शिजवायची, कोरडी करायची आणि रंग येण्यापुरती तळायची. तेलाजवळचा वेळ त्यात निम्म्याहून कमी होतो. कच्चीच तळण्याचा हट्ट नसेल तर दुसऱ्या कशाचा विचार करण्याचे कारण नाही.

किती तेल घ्यायचे ते आदल्या दिवशी पाण्याने मोजावे. टोपात कोंबडी ठेवून ती बुडेपर्यंत पाणी ओतायचे, कोंबडी काढायची आणि उरलेल्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची. तेल तेवढेच. कोंबडी आत असताना टोपाचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा राहिला पाहिजे. राहत नसेल तर टोप लहान आहे. कढई नको, ती डुलते. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, म्हणून शेगडी टेकवण्याआधी सपाट जागा शोधावी. उल्हासनगरात कित्येक गच्च्यांवर पत्र्याची शेड असते. ती पाऊस अडवते, पण गळत्या सांध्याखाली टोप ठेवला तर थेंब नेमका तेलात पडतो. उघड्यावर पाऊस असेल तर बेतच रद्द करावा.

घाण्याचे शेंगदाणा तेल १६० अंशांच्या आसपासच धुरावते. रिफाइंड तेल सव्वादोनशेपर्यंत तग धरते. धूर निघेपर्यंत तेल तापवायची सवय इथे घातक आहे, कारण धुरानंतर पुढची पायरी पेट घेण्याची. तीनचारशे रुपयांचा थर्मामीटर लावावा. तेल १७५ वर आले की बर्नर पूर्ण बंद करून कोंबडी आकड्याला अडकवून सावकाश सोडावी आणि उसळी बसल्यावर पुन्हा पेटवावा. टर्कीसाठी अमेरिकेत वजनावरून मिनिटे मोजतात. लहान कोंबडीला तो हिशेब लागू होत नाही. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश भरले की झाले.

तेल पेटलेच तर गॅस बंद करून घट्ट बसणारे झाकण सरकवावे आणि तेल गार होईपर्यंत उघडू नये. पेटता टोप उचलून नेऊ नये. पाणी किंवा निथळते गोणपाट टाकले तर आगीचा लोळ उठतो. झाकणाने आटोपले नाही तर सर्वांनी खाली उतरून १०१ ला फोन करावा. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. नळाला पाणी नसण्याच्या वेळा इथे ठरलेल्या, तेव्हा पिंप भरून ठेवावे, पण जिन्यात, शेगडीपासून लांब. हाताशी असलेली बादली घाबरलेला माणूस आगीवरच रिकामी करतो.

उरलेले तेल रात्रभर गार होऊ द्यावे. गाळून ते एकदोनदा वापरता येते. अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून व्यावसायिक तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्सची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या संयुगांची, मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, पण घरी ती मोजता येत नाही, म्हणून तेल काळवंडले, फेसाळले किंवा खवट वास आला की टाकावे. मोरीत ओतलेले तेल पाइपात चिकटून साचते आणि नाल्यातून वालधुनी नदीत जाते, जी कारखान्यांच्या सांडपाण्याने आधीच काळी झाली आहे. बाटलीत भरून ते वापरलेले तेल गोळा करणाऱ्याला द्यावे. तसा कोणी नसेल तर लाकडाच्या भुशात जिरवून कचऱ्यात टाकावे.