सह्याद्री उंच कसा राहिला?

कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते. तिथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत जेमतेम 65 किलोमीटर. तरी ती तिकडं जात नाही. वाई, कऱ्हाड, सांगली करीत ती सुमारे 1,400 किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. असं का? पाणी उताराकडं धावतं, हे दारं धरणाऱ्याला सांगायला नको. म्हणजे आपली सारी जमीनच पूर्वेला कललेली आहे. पश्चिमेची कड वर, पूर्वेची खाली. ही कड कशानं उचलली ते आज पाहू.

कऱ्हाडहून चिपळूणला एस.टी.नं जाऊन बघा. पाटण गेलं, हेळवाक आलं, तरी फारसा चढ जाणवत नाही. कुंभार्ली घाटात मात्र गाडी वळणं घेत एकदम खाली उतरू लागते. डोंगर म्हटला की दोन्ही बाजूंना सारखा उतार हवा. इथं एका बाजूला पठार आणि दुसऱ्या बाजूला कडा. म्हणून सह्याद्रीला आम्ही भिंत म्हणत नाही, पायरी म्हणतो.

ही पायरी काळ्या पाषाणाची आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून तापलेला शिलारस वर आला, पसरला आणि थिजला. असे थरावर थर बसले. 2011 नंतर कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी जमिनीला खोल भोकं पाडली, तेव्हा रासाटीला सुमारे 930 मीटर हा काळा पाषाणच लागला. त्याखाली मग जुना ग्रॅनाइट.

तेव्हा पश्चिमेला आजचा समुद्र नव्हता. आज आफ्रिकेजवळ असलेली सेशेल्स बेटं ज्या भूभागाची आहेत, तो आपल्या भूमीला चिकटून होता. सुमारे 6 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी जमीन ताणली गेली, फाटली आणि तो तुकडा दूर निघाला. फाटताना मधली जमीन खचते. तिला खचदरी म्हणतात. आफ्रिकेत केनिया देशात अशी खचदरी आजही रुंदावते आहे, आणि तिचे दोन्ही काठ उंच आहेत. आपली खचदरी समुद्राखाली गेली. तिचा पूर्वेकडचा काठ उरला, तोच आपला सह्याद्री.

पण दरी खचली तर काठ वर का यावा? नदीतली नाव आठवा. माल भरला की ती पाण्यात बसते, माल उतरवला की वर येते. जमिनीचंही तसंच आहे. फार खोलवरचा खडक तापलेला असतो आणि लाखो वर्षांत सावकाश सरकतो. वरची भूमी त्यावर नावेसारखी असते. शेजारचा तुकडा खचून दूर गेला, काठावरचं ओझं उतरलं आणि काठ उचलला गेला. खालच्या उष्णतेनंही हात लावला, असं भूशास्त्रज्ञ सांगतात.

काठ उचलला तशी झीज सुरू झाली. पश्चिमेची बाजू उभी, पाऊस दांडगा. ओढ्यांनी कडा कुरतडला, दगडमाती समुद्रात नेली. कडा पूर्वेकडं मागं सरत आला आणि त्याच्या पायथ्याशी कोकणपट्टी उघडी पडली. आता गंमत बघा. दगडमाती गेली म्हणजे नावेतला माल पुन्हा उतरला. जमीन पुन्हा थोडी वर आली. तिकडं गाळानं समुद्राचा तळ दबला. बैलगाडीत मागं माल जास्त झाला की ती उलाळ होते, जू वर जातं, तसंच म्हणा ना. झिजतो म्हणूनच सह्याद्री उचलला जातो. कास, पाचगणीच्या माथ्यांवर तर जांभ्याची टोपी आहे. ते माथे कमी झिजतात, दऱ्या जास्त झिजतात.

पश्चिमेचे ओढे कडा कुरतडत मागं येतात, तेव्हा कधी पूर्वेकडच्या नदीचं पाणीही पळवतात. भूगोलात याला नदीचौर्य हे नाव आहे. कोयना तर कड्याला लागूनच वाहते. ओढ्यांना तिच्यापर्यंत पोचायला लाखो वर्षं लागली असती. माणसानं 1960 च्या दशकात बोगदे पाडून तिचं पाणी पोफळीला उतरवलं आणि वीज केली. ते पाणी आता वाशिष्ठीतून पश्चिमेच्या समुद्राला जातं.

ही पायरी पावसाचे ढग अडवते. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण, जत भागात पाचशेच्या आसपास. जतच्या शेतकऱ्यानं कुणाला दोष द्यावा? ढग तिथवर पोचतात ते रिकामे होऊन.

कड्याची झीज नेहमीच सावकाश होत नाही. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं अतिवृष्टीनं दरडी कोसळल्या, घरं गाडली गेली, माणसं गेली. पाषाणावर मातीचा थर असतो. तो पाणी पिऊन जड होतो आणि उतारावरून सुटतो. घरामागच्या उतारावर नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ आलं, तर ती माती सुटू लागल्याची खूण असते. अशा वेळी रात्र पडायची वाट पाहू नये. मुलंबाळं, गुरं घेऊन उतारापासून दूर जावं आणि तलाठ्याला, सरपंचाला लगेच कळवावं.