दिलेला शब्द आणि ऐकलेला शब्द : ‘गोविन हाडु’ व वसुबारसेची कहाणी

बालकांना सांगितल्या जाणाऱ्या पारंपरिक कथांचे तात्पर्य एका वाक्यात सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘गोविन हाडु’, म्हणजे गायीचे गाणे, या कन्नड कथागीताचे ‘सत्याने वागावे’ हे तात्पर्यही असेच रूढ झाले आहे. त्यात कथेचा निम्माच भाग मावतो, हे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

१८९२ साली वसविलेले चामराजपेट हे बेंगळूरमधील कन्नड विद्येचे एक केंद्र होय; १९१५ साली स्थापन झालेली कन्नड साहित्य परिषद तेथेच आहे. सतराव्या शतकात बेंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. अशा नगरीतील मराठी घरातले मूल शाळेत ‘गोविन हाडु’ व घरी वसुबारसेची कहाणी ऐकू शकते. म्हणून या दोन कथा शेजारी ठेवून पाहणे उचित ठरेल.

गीतातील पुण्यकोटी ही गाय रानात अर्भुत नावाच्या वाघाच्या तावडीत सापडते. वासराला पाजून परत येईन, असा शब्द देऊन ती घरी येते आणि तो पाळण्यासाठी परत निघते. पोरके होणारे वासरू आता कुणाच्या आश्रयाला जावे, असे आईला विचारते. पुण्यकोटी त्याला इतर गायींच्या हवाली करते आणि ते पुढे आले तर त्याला शिंग मारू नका, मागे आले तर लाथ मारू नका, असे विनविते. ऐकणारे मूल स्वतःला वासराच्या जागी पाहते. सत्याची किंमत बोलणाऱ्यासच नव्हे, तर त्याच्यावर विसंबून असणाऱ्यासही द्यावी लागते, हे त्याला उपदेशावाचून उमगते. एस. एल. भैरप्पांनी आपल्या कादंबरीला ‘तब्बलियु नीनादे मगने’ (बाळा, तू पोरका झालास) हे नाव याच गीतातून घेतले, हे येथे लक्षणीय आहे.

पद्मपुराणातील नंदा गायीच्या कथेत वाघ हा शापग्रस्त राजा प्रभंजन असून अखेरीस त्याला शापमुक्ती मिळते. कन्नड गीतात शापही नाही, उःशापही नाही. गाय परत आलेली पाहून वाघ पश्चात्तापाने स्वतःच प्राण सोडतो. पुराणात जे दैवाने घडते, ते येथे अंतःकरणाने घडते.

मराठी कहाणीत संकट उलट दिशेने येते. शेतावर निघालेली सासू ‘गव्हाळे-मुगाळे’ शिजवून ठेवण्यास सांगते. तिच्या मनात गहू-मूग असतात. गोठ्यातील वासरांची नावेही तीच असल्याने सून वासरेच कापते. सासू देवाजवळ प्राण पणाला लावते आणि वासरे जिवंत होतात. अपराध दुष्टाव्याचा नाही, न विचारता केलेल्या आज्ञापालनाचा आहे. व्रत करणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी गहू व मूग वर्ज्य करतात; त्यामुळे मुलाला हा धडा ताटातच भेटतो.

एक कथा दिलेला शब्द पाळावयास शिकविते, दुसरी ऐकलेला शब्द नीट समजून घ्यावयास. दोन्हींत शब्दाच्या दुसऱ्या टोकाला वासरू, म्हणजे अजाण जीव, उभा आहे. तात्पर्याचे वाक्य तेवढे ठेवून वासराचे प्रश्न गाळणारा बालपाठ म्हणूनच अपुरा पडतो. नीतीचा अर्थ मुलाला कळतो तो त्या प्रश्नांमुळेच.