इंग्रजी संभाषणवर्गातील भूमिकाभिनय

पदवीपर्यंत इंग्रजी विषय घेऊन उत्तीर्ण झालेला तरुण मुलाखत मंडळापुढे बसला की पहिल्याच साध्या प्रश्नाला अडखळतो, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. त्याला व्याकरण येत नाही असे नव्हे. कर्तरी प्रयोगाचा कर्मणी प्रयोग तो क्षणात करून दाखवील. परंतु समोरच्या माणसाशी इंग्रजीतून काही बोलण्याचा प्रसंग त्याच्यावर वर्गात कधी आलेलाच नसतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजीचा पाया घातला. त्यावर वाचन-लेखन चांगले उभे राहिले. बोलणे मात्र मागे पडले. सन २००० पासून राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यामुळे भाषेचा परिचय लवकर होऊ लागला आहे, तरी तोंड उघडण्याचा संकोच पुष्कळांच्या बाबतीत कायम आहे. तालुक्याच्या गावी चालणाऱ्या इंग्रजी संभाषणवर्गांकडे तरुण-तरुणी वळतात ते यामुळेच.

अशा वर्गांत उपयोगी पडणारे एक साधन म्हणजे भूमिकाभिनय. एकाने तिकीट खिडकीवरील कर्मचारी व्हावयाचे, दुसऱ्याने प्रवासी. प्रसंग ठरलेला, पण संवाद ठरलेले नाहीत. भातुकली खेळलेल्या कोणत्याही मुलाला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही, आणि वगाचे कथानक तेवढे ठरवून संवाद ऐनवेळी रचणाऱ्या आपल्या तमाशा कलावंतांनाही नाही. पश्चिमेकडे व्हिएन्ना येथील डॉ. याकोब मोरेनो यांनी १९२० च्या दशकात उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग केले व पुढे त्यांतून मानसोपचाराची एक पद्धती उभी राहिली. भाषाशिक्षणात या साधनाला महत्त्व आले ते १९७० नंतर. केवळ शुद्ध वाक्य रचता येणे म्हणजे भाषा येणे नव्हे; कोणाशी, केव्हा आणि कसे बोलावे हे कळणे हाही भाषाज्ञानाचाच भाग होय, हा डेल हाइम्स यांचा विचार त्या सुमारास मान्यता पावू लागला होता.

स्नेहसंमेलनात पाठ करून सादर केलेला इंग्रजी संवाद हा भूमिकाभिनय नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तेथे समोरचा काय बोलणार हे दोघांनाही ठाऊक असते. ऐकण्याची गरजच उरत नाही. खरे संभाषण घडते ते एकाजवळ असलेली माहिती दुसऱ्याजवळ नसते तेव्हा. डॉ. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत जो प्रयोग केला, त्यातही रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या साहित्यावर आधारलेली कामे विद्यार्थ्यांना दिली जात, आणि माहितीतील हे अंतर भरून काढणे हा त्या कामांचा एक प्रकार होता.

एक उदाहरण घेऊ. दोन चिठ्ठ्या तयार कराव्यात. पहिली परदेशी प्रवाशाची : “तुम्ही रविवारी रात्री छत्रपती संभाजीनगरला पोहोचला आहात. सोमवार व मंगळवार हे दोनच दिवस हाती आहेत. सोमवारी अजिंठा पाहण्याची इच्छा आहे. मंगळवारी रात्री परतीची गाडी आहे.” दुसरी हॉटेलच्या व्यवस्थापकाची : “अजिंठा लेणी सोमवारी व वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठा सुमारे १०० किलोमीटर दूर आहे, वेरूळ सुमारे ३०.” दोघांनीही एकमेकांची चिठ्ठी पाहावयाची नाही. आता प्रवाशाला विचारावे लागते, व्यवस्थापकाला नकार द्यावा लागतो, आणि तोही पाहुणा दुखावणार नाही अशा रीतीने. सोमवारी वेरूळ व मंगळवारी अजिंठा हा तोडगा निघेपर्यंत, शिवाय मंगळवारी किती वाजता निघाल्यास रात्रीची गाडी सापडेल याचा हिशेब होईपर्यंत, दोघेही बोलत राहतात. व्याकरणाच्या पुस्तकातील पन्नास वाक्यांनी जे साधत नाही ते या दहा मिनिटांत साधते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठी माणसाची खरी अडचण शब्दांची नसून आर्जवाची आहे. ‘जरा पाणी द्या ना’ या वाक्यातील सौजन्य ‘जरा’, ‘द्या’ आणि ‘ना’ या तीन ठिकाणी वाटलेले आहे. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांना एकच शब्द. त्यामुळे मनात अत्यंत आदर बाळगूनही आपला विद्यार्थी ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. इंग्रजीतील आदर वाक्याच्या घडणीत असतो : ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ हे फळ्यावर लिहून अंगवळणी पडत नाही. हॉटेलातील वाढपी, दवाखान्यातील परिचारिका, बँकेतील अधिकारी अशा निरनिराळ्या माणसांपुढे ते बोलून पाहावे लागते. तीच गोष्ट होकार-नकाराची. ‘चहा नको ना?’ या प्रश्नाला आपण ‘हो’ म्हणतो, म्हणजे नको. इंग्रजीत ‘डोन्ट यू वॉन्ट टी?’ या प्रश्नाला त्याच सवयीने ‘येस’ म्हटले, तर चहाचा पेला पुढे येतो! अशी फजिती वर्गात झालेली बरी.

बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मधील फुलवाली (पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे १९७५ पासून ती मराठी प्रेक्षकांच्याही ओळखीची झाली) उच्चार निर्दोष करते, पण उच्चभ्रू बैठकीत हवामानाच्या गप्पांवरून थेट मावशीच्या संशयास्पद मृत्यूवर जाते. उच्चारांवरच भर देणाऱ्या वर्गचालकांनी हा प्रवेश अवश्य ध्यानात ठेवावा.

भूमिकेचा आणखी एक लाभ असा की तिच्यामुळे लाजऱ्या विद्यार्थ्याला आडोसा मिळतो. चूक झाली तर ती त्या ‘प्रवाशाची’ झाली, असे मानण्याची सोय असते. हा आडोसा शिक्षकानेच काढून घेऊ नये. संवाद चालू असता मध्येच थांबवून क्रियापदाचा काळ दुरुस्त केला की विद्यार्थी पुन्हा गप्प होतो. चुका शांतपणे टिपून ठेवाव्यात आणि शेवटी, कोणाचेही नाव न घेता, त्यांतील चार-पाच ठळक चुका फळ्यावर मांडाव्यात. तयारीची पाच मिनिटे मराठीत झाली तरी बिघडत नाही. साठ जणांच्या वर्गात दोघांनी समोर येऊन बोलावे व अठ्ठावन्न जणांनी पाहावे, यात वेळ जातो. त्यापेक्षा तिघातिघांचे गट करून दोघांनी बोलावे व तिसऱ्याने ऐकून नोंद घ्यावी. कलकलाट होईल, शेजारच्या वर्गाची तक्रारही येईल. तेवढे सोसावे. व्यवस्थापक, अधिकारी या भूमिका दर वेळी त्याच चुणचुणीत मुलांकडे आणि परिचारिका दर वेळी मुलीच, असे होऊ देऊ नये. घरी कोणी साहेबाशी कधी बोलले नाही अशा मुलाला साहेबाच्या खुर्चीवर बसविण्याचे महत्त्व अधिक आहे.

मुलाखतीचा सराव घेताना तर उमेदवाराला आधी मुलाखतकार करावे. प्रश्न विचारणाऱ्यालाही शब्द शोधावे लागतात, हे तेथे त्याला दिसते. दुसऱ्या फेरीत तो उमेदवार होतो. या फेरीत मुलाखतकाराच्या चिठ्ठीवर एक प्रश्न मुद्दाम लांबलचक व अवघड ठेवावा, म्हणजे ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ असे खाली मान न घालता विचारण्याचीही सवय होते.