मुळांना हवा पिऊ द्या

नागपुरातल्या बजाजनगरच्या आमच्या गॅलरीत एक वांडा (ऑर्किडचा एक प्रकार) आहे. आणला तेव्हा वीतभर होता. आज त्याची मुळं माझ्या कमरेपर्यंत लोंबतात. सतरा वर्षांत त्याचं घर मी चार वेळा बदललं. याच वर्षांत दोन मोठी ऑर्किड माझ्या हातून गेली आणि दोन्ही गेली ती कुंडी बदलल्यामुळेच. मी पुस्तकं वाचून काम करत होते, पण ती लिहिणाऱ्यांनी नागपूरचा मे महिना पाहिलेला नव्हता. झाडं गमावून आणि वाचवून जे समजलं, ते लिहिते आहे.

१. बाहेर वाढलेलं मूळ कुंडीत कोंबू नये

पहिलं गेलं ते कॅटलिया. दहा-बारा कंदांचा भरगच्च गड्डा होता, चहूबाजूंनी जाड पांढरी मुळं बाहेर आलेली. मला तो पसारा वाटायचा. मोठी कुंडी आणली, सगळी मुळं गोल वळवून आत बसवली, वरून नारळाचं सोडण दाबून भरलं. झाड नीटनेटकं दिसू लागलं. दिवाळीपर्यंत कंद सुरकुतले. उपसून पाहिलं तर मुळांची साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला.

मुळं गुंडाळत होते, तेव्हा नर्सरीतले एक म्हातारे माळीकाका खत द्यायला आले होते. ते म्हणाले होते, "ताई, मुया कायले कोंबून राहिल्या? हवा पिऊ द्या नं त्याईले." मी ऐकलं नाही.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ऑर्किडच्या मुळावर पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. ते मृत पेशींचं असतं. पावसाची सर आली की पाणी झटकन शोषून घेतं आणि वारा लागला की वाळतं. ओलं होणं आणि वाळणं, दोन्ही त्याला लागतं. म्हणून कोरडं मूळ चंदेरी दिसतं आणि भिजलं की आतला हिरवा रंग वर येतो. उजेड मिळाला तर हे मूळ पानासारखं थोडं अन्नही तयार करतं. हवेत वाढलेलं असं मूळ सतत ओल्या सोडणात पुरलं की गुदमरून कुजतं. कुंडीतच जन्मलेलं नवं मूळ मात्र तिथल्या ओलाव्याला सरावलेलं असतं. त्यामुळे आता मी फक्त आधीपासून आत असलेली मुळं आत ठेवते. बाहेरची बाहेरच लोंबतात, कितीही अस्ताव्यस्त दिसली तरी.

२. नागपुरात वसंतात कुंडी बदलू नये

पुस्तकांत लिहिलेलं असतं, वसंत ऋतूत कुंडी बदला. आपल्याकडे वसंत म्हणजे फाल्गुन-चैत्र. त्यानंतर दोन महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारच्या हवेत ओलावा उरतो २० टक्क्यांच्या आसपास. दुखावलेल्या मुळांचं झाड या हवेत पाणी उचलू शकत नाही आणि पानांतून ते गमावत राहतं. माझं दुसरं मोठं झाड, एक डेंड्रोबियम, असंच गेलं. मार्चमध्ये कुंडी बदलली. मेअखेरचा नवतपा सुरू व्हायच्या आत सगळी पानं गळाली.

आता मी मृगाचा पाऊस बघते. दोन-तीन चांगल्या सरी पडून गेल्या, हवा दमट झाली, की मग हात लावायचा. जुलै उत्तम, ऑगस्टचा पहिला पंधरवडाही चालतो. त्यातही कॅलेंडरपेक्षा मुळाचं टोक बघावं. हिरवं किंवा तांबूस, ओलसर चमकणारं नवं टोक फुटलं असेल तर झाड तयार आहे. दसऱ्यानंतर करू नये. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे काही रात्री १० अंशांच्या खाली जातात. वाढ थांबलेली असते आणि जखमा भरत नाहीत.

३. मूळ सोडवायचं तर वेळ काढून बसावं

सुकं मूळ काडीसारखं मोडतं. म्हणून आधी अख्खं झाड अर्धा तास पाण्यात ठेवायचं. मुळं नरम होतात, वळतात. मातीची कुंडी असेल तर ती फोडायची, झाड ओढायचं नाही. खापरीचे तुकडे मुळांना चिकटून राहिले तर ते तसेच नव्या कुंडीत जाऊ द्यावेत. लाकडी टोपलीतलं झाड तर मी सोडवतच नाही. जुनी टोपली नव्या मोठ्या टोपलीत ठेवते आणि तारेने बांधते. माझ्या वांड्याच्या दोन टोपल्या एका सुताराने बल्लारशाच्या उरलेल्या सागवानी पट्ट्यांतून करून दिल्या. आतली टोपली झिजली, बाहेरची अजून धडधाकट आहे.

एका वर्षी वांड्याची अकरा मुळं गॅलरीच्या ग्रिलला चिकटून बसली. उन्हात लोखंड तापायचं आणि चिकटलेल्या जागी मुळं भाजून तपकिरी व्हायची, म्हणून त्यांना सोडवणं भाग होतं. मी पाण्याचा फवारा मारत, बोथट सुरीचं पातं आडवं सरकवत ती एकेक करून मोकळी केली. दोन संध्याकाळी लागल्या. नऊ वाचली. ज्या दोहोंची टोकं तुटली, त्यांतल्या एकाला मागून दोन फाटे फुटले.

४. कुंडीत भरायचं काय

लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे, सुपारीपेक्षा थोडे मोठे. नारळाचं सोडण अगदी थोडं, आणि तेही तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवलेलं. कोळसा मी इस्त्रीवाल्याकडून घेते; विदर्भात दगडी कोळसाही सहज हाताला लागतो, तो वापरू नये. वीट लाल मातीची, भट्टीची हवी. आजकाल बांधकामावर राखेच्या विटा पडलेल्या असतात; त्यांत चुना किंवा सिमेंट असतं, ते ऑर्किडला सोसत नाही. कुंडी गड्ड्यापेक्षा दोन बोटं मोठी पुरे.

५. कापायचं ते फक्त मेलेलं

दाबून पोकळ लागलं, तर कापा. टणक असेल, तर कितीही मळकट दिसो, राहू द्या. प्रत्येक झाडाआधी कात्री गॅसच्या आचेवर धरा, कारण विषाणू रसातून एका झाडातून दुसऱ्यात जातात. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी, पण फक्त तिथेच; चांगल्या मुळावर पडली तर तेही सुकतं. नंतर झाड घट्ट बांधा. हलत्या झाडाची नवी टोकं घासून मरतात.

६. पाणी कुठलं, हे विचारून घ्या

बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर बसतो. आरओ मशीनचं फेकायचं पाणी त्याहून खारट. कूलरच्या टाकीतलं पाणीही नको. दिवसभर वाफ होऊन क्षार मागे उरलेले असतात. आरओच्या आणि कूलरच्या पाण्याचा वापर बाकीच्या बागेत कितपत करायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, ऑर्किडला करू नये. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत चांगलं, एसीचं ठिबकणारंही चालतं.

कूलरचा एक उपयोग मात्र सांगते. कूलरची दमट हवा खोलीतून ज्या खिडकीने बाहेर पडते, त्या खिडकीबाहेर हिरव्या जाळीखाली मी झाडं टांगते. गेले आठ उन्हाळे वांडा तिथेच काढतो आहे.

७. जंगलातलं झाड जंगलातच राहू द्या

वांडा हे नाव संस्कृत 'वन्दा' या शब्दावरून आलं; झाडावर वाढणाऱ्या झाडाला तो शब्द वापरत. आपण बांडगूळ म्हणून त्याला हिणवतो, पण बांडगूळ झाडाचा रस पितं, वांडा फक्त सालीचा आधार घेतो. विदर्भाच्या जंगलात वांडा टेसेलाटा आपणहून वाढतो, त्यालाच काही जण रास्ना म्हणतात. तपकिरी चौकटींची पाकळी, मध्ये निळसर-जांभळी जीभ. भर उन्हाळ्यात त्याची मुळं सालीला चिकटून, आक्रसून, पांढरी पडून राहतात आणि पहिल्या पावसात हिरवी होतात. जूनपर्यंत थांबायचं मी त्याच्याकडूनच शिकले.

हीच झाडं किंवा सीतेची वेणी नावाचं ऑर्किड कधीकधी पोत्यात भरून विकायला येतं. ग्रिलवरची अकरा मुळं सोडवायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. झाडावरून ओरबाडणारा इतका वेळ देत नाही. त्या पोत्यातल्या बहुतेक झाडांची मुळं तुटलेली असतात आणि तुमच्या घरी नागपूरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती मरतात. नर्सरीत टिश्यू कल्चरची रोपं मिळतात. पोतं घेऊन कुणी दारात आलं, तर कृपा करून एकही झाड घेऊ नका.